बसेंजीची रोजची निगा आणि व्यायाम : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या काही अंकांत बसेंजी पाळणाऱ्या वाचकांची बरीच पत्रं आली. बहुतेकांची तक्रार एकच आहे : कुत्रा लहान, अंगावर केस थोडे, भुंकणं नाही, म्हणून सोपा वाटला होता, पण हा तर घर डोक्यावर घेतो. त्यांतले निवडक प्रश्न इथे घेत आहोत.

प्रश्न : आमचा बसेंजी दीड वर्षाचा नर आहे. सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास पट्ट्यावर फिरवतो. तरी घरी आल्यावर उशा फाडतो, चपला कुरतडतो. फिरणं वाढवून दोन-दोन तास करू का?

नका करू. दोन तासांच्या चालण्याने दमाल तुम्ही, तो नाही. महिन्याभरात त्याची दमदारी वाढेल आणि मग दोन तासही पुरेनासे होतील.

बसेंजी मध्य आफ्रिकेतल्या काँगोच्या जंगलांतला शिकारी कुत्रा. डोळ्यांनी आणि नाकाने, दोन्हींनी माग काढणारा. त्याच्या कामाची तऱ्हा अशी : बराच वेळ हुंगत फिरायचं, मग अचानक काही सेकंद जीव तोडून पळायचं, मग थांबायचं. एका चालीने रस्त्याच्या कडेकडेने चालणं यात कुठेच बसत नाही. त्यामुळे वेळ दिवसाला एक ते दीड तास एवढाच ठेवा, पण आतला मजकूर बदला.

सकाळची फेरी हुंगण्यासाठी द्या. तीनेक मीटरची दोरी घ्या आणि निदान वीस मिनिटं दिशा त्याला ठरवू द्या. एका खांबापाशी तो दोन मिनिटं रेंगाळला तर ओढू नका, त्याचा व्यायाम तिथेच चाललेला असतो. सकाळच्या खाण्यातला निम्मा हिस्सा वाडग्यात न वाढता गवतात विखरून टाका किंवा जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून द्या. मूठभर दाणे शोधायला त्याला दहा मिनिटं लागतात, आणि त्यानंतर तो बहुधा झोपतो.

संध्याकाळी पळणं. त्यासाठी काठीला बांधलेलं 'सावज' हे सर्वांत सोयीचं साधन. साधारण एक-सव्वा मीटरची हलकी काठी, तिला दीड-दोन मीटर न ताणणारी दोरी आणि टोकाला कापडाचा तुकडा किंवा मऊ खेळणं. इलॅस्टिकची दोरी नको, तोंडातून सुटली की चाबकासारखी परत येते. आधी पाच मिनिटं नुसतं चालवा. मग सावज जमिनीलगत, मोठ्या वळणाने फिरवा. वीस ते तीस सेकंद पाठलाग, मग त्याला ते पकडू द्या, थोडं झटकू द्या, खाऊच्या बदल्यात सोडवून घ्या आणि मिनिटभर थांबा. अशा सहा ते आठ फेऱ्या म्हणजे दहा-बारा मिनिटं होतात. एवढं पुरे.

यात चुका ठरलेल्या असतात. सावज हवेत उंच उडवलं की कुत्रा वळत वळत उडी मारतो आणि मागच्या पायावर वेडावाकडा उतरतो. गुडघ्याचे अस्थिबंध असेच दुखावतात. फार लहान गोलात गरगर फिरवणंही तसंच वाईट. काँक्रीट किंवा फरशीवर हा खेळ नकोच, तळव्यांची कातडी सोलते. हवी माती किंवा गवत, तेही निसरडं नसलेलं. आणि सर्वांत मोठी चूक म्हणजे सावज कधीच हाती लागू न देणं. न संपणाऱ्या पाठलागाने कुत्रा शांत होत नाही, पेटतो. घरी येऊन उशी फाडतो ती त्याच भरात. म्हणून शेवटची फेरी झाली की लगेच घराकडे वळू नका. गवतात थोडा खाऊ फेका, पाच मिनिटं नाक खाली घालून शोधू द्या, मग निघा. पोट भरलेलं असताना हा खेळ नको, खाणं आणि पळणं यांत दोन तासांचं अंतर ठेवा.

आठवड्यातून एक दिवस मुद्दाम पळवणं टाळा. बाकी उशांचं म्हणाल तर त्या महिनाभर त्याच्या वाटेत ठेवूच नका. कापूस बाहेर काढण्यात जी मजा आहे, तिच्यापुढे शिस्तीचं काही चालत नाही.

प्रश्न : घरात हाक मारली की माझी बसेंजी पहिल्या हाकेला येते. मैदानात मात्र ओळख दाखवत नाही. तिला मोकळं सोडता येईल असं शिकवता येतं का?

कुंपण असलेल्या जागेत सोडा. उघड्यावर नाही, कितीही शिकवलं तरी नाही. या बाबतीत बसेंजीचे जाणकार सहसा एकमताने बोलतात.

कारण तिच्या हट्टीपणात नाही, कामात आहे. आफ्रिकेत हे कुत्रे शिकाऱ्याच्या पुढे, झाडीत नजरेआड जाऊन काम करत. भुंकत नसल्याने कुठे आहेत ते कळावं म्हणून त्यांच्या गळ्यात घंटा बांधत. म्हणजे माणूस कुत्र्याच्या आवाजामागे जात असे, कुत्रा माणसाच्या हाकेवर चालत नसे. पिढ्यान् पिढ्या स्वतःच्या डोक्याने निर्णय घेणाऱ्या या जातीला पुढे पळणारी खार दिसली की तुमची हाक कानावर पडते, पण मनावर पडत नाही. त्या पळण्यात रस्ता आणि गाड्याही दिसत नाहीत.

मोकळेपणाची सोय लांब दोरीने करा. दहा मीटरची, पंधरा ते वीस मिलिमीटर रुंदीची सपाट पट्टी घ्या. ती गळपट्ट्याला कधीच लावू नका. दहा मीटर धावून आलेला झटका मानेवर बसतो. छातीपुढे इंग्रजी वाय अक्षरासारखा आकार होणारा हार्नेस घ्या आणि पाठीवरच्या कडीत दोरी अडकवा. हातमोजे घाला, दोरी मनगटाला गुंडाळू नका आणि टोकाची हाताची कडी कापून टाका, ती झुडपात अडकते. मुठीत गुंडाळी करून आत जाणारी स्वयंचलित दोरी या जातीसाठी वाईट. मूठ हातातून निसटली तर ती खडखडत मागे लागते आणि घाबरलेला कुत्रा आणखी जोरात पळतो.

रोजच्या फेरीसाठी गळपट्टा हवा असेल तर ओढल्यावर मर्यादेपर्यंतच आवळणारा, मार्टिंगेल पद्धतीचा घ्या. बसेंजीची मान लांब आणि डोकं अरुंद, त्यामुळे साध्या पट्ट्यातून तो मागे सरकत सहज निसटतो. मार्टिंगेल पूर्ण ओढल्यावर त्याच्या दोन कड्या एकमेकींना भिडता कामा नयेत. भिडत असतील तर पट्टा सैल आहे. घरात आल्यावर तो काढून ठेवा.

हाकेचा सराव तरीही चालू ठेवा, कारण दोरी कधी ना कधी हातातून सुटणारच. त्यासाठी शिटी चांगली, ती दर वेळी सारखीच वाजते आणि तिच्यात तुमचा राग ऐकू येत नाही. शिटी वाजली की तिचा सर्वांत आवडता खाऊ, तो एरवी कधीच मिळणार नाही असा. सुरुवात घरात, मग अंगणात, मग लांब दोरीवर. दहा वेळा बोलावलं तर नऊ वेळा खाऊ देऊन परत सोडून द्या. खेळ संपवायलाच बोलावत राहिलात तर आठवड्याभरात तिला हिशेब कळतो.

आणि सुटलीच तर मागे धावू नका. तुम्ही धावलात की तिच्या दृष्टीने पाठलागाचा खेळ सुरू झाला, आणि त्यात ती तुमच्यापेक्षा फार तरबेज आहे. उलट दिशेने पळा, जमिनीवर बसा, आवाज करणारं खेळणं वाजवा. गाडी जवळ असेल तर तिचं दार उघडून उभे राहा. पुष्कळ कुत्रे आपणहून आत चढतात.

प्रश्न : अंगणाला दीड मीटर उंच जाळीचं कुंपण आहे. पुरेल का?

नाही. जाळी म्हणजे बसेंजीसाठी शिडी. मांजरासारखा पंजे रोवत तो चढतो आणि वरून उडी मारतो. किमान १.८ मीटर उंची हवी, आणि आतली बाजू गुळगुळीत, पाय न रोवता येणारी. जाळीच ठेवायची असेल तर वरचा भाग आतल्या बाजूला वाकवून घ्या. कुंपणालगत बाक, कुंड्या, लाकडाचा ढीग असं काही ठेवू नका. खालून उकरणं थांबवायला कुंपणाच्या तळापासून आतल्या बाजूला पन्नास-साठ सेंटिमीटर जाळी जमिनीवर आडवी पसरून मातीखाली दाबा. विजेचा झटका देणारी अदृश्य कुंपणं घेऊ नका. पाठलागाच्या भरात कुत्रा झटका सोसून बाहेर जातो, आणि भान आल्यावर त्याच झटक्याच्या भीतीने परत आत येत नाही.

प्रश्न : पिल्लू चार महिन्यांचं आहे. त्याला किती चालवावं? माझ्याबरोबर धावायला नेलं तर?

धावायला नेऊ नका. हाडांच्या टोकांना वाढीच्या कूर्चा असतात, त्या बसेंजीएवढ्या कुत्र्यात साधारण वर्षभरात पक्क्या होतात. तोवर एका लयीत, लांबवर, तुमच्या वेगाने पळणं वर्ज्य. काठीच्या सावजाची झपाझप वळणंही तोवर नकोत. कापड जमिनीवरून हळू सरकवत दोन-तीन मिनिटं खेळवलं तर चालेल.

वयाच्या दर महिन्याला पाच मिनिटं, म्हणजे चौथ्या महिन्यात वीस मिनिटं, असा एक नियम सगळीकडे सांगतात. त्यामागे पक्का शास्त्रीय आधार नाही, पण दोरीवरच्या चालण्यापुरता तो सावध अंदाज म्हणून ठीक आहे. अंगणातल्या स्वतःच्या मर्जीच्या खेळाला तो लावू नका. तिथे पिल्लू दमलं की आपणहून आडवं होतं. पलंगावरून आणि गाडीतून उड्या मात्र मारू देऊ नका.

या वयात व्यायामापेक्षा मोलाचं काम वेगळंच आहे : हात लावून घेण्याची सवय. रोज दोन मिनिटं प्रत्येक पंजा हातात घ्या, बोटं उघडा, कान उचलून पाहा, ओठ वर करा, आणि प्रत्येक स्पर्शानंतर एक दाणा द्या. पाय धरलेले बसेंजीला मुळीच आवडत नाहीत. चार महिन्यांत हे केलं नाही तर चार वर्षांनी नखं कापायला तीन माणसं लागतात.

प्रश्न : ही जात भुंकत नाही म्हणून आणली. आता शेजारी विचारतात, कोणाला मारता की काय? आम्ही कामावर गेलो की तो माणसासारखा किंचाळतो.

न भुंकणारा म्हणजे मुका नव्हे. बसेंजीच्या स्वरयंत्राची ठेवण वेगळी असल्याने इतर कुत्र्यांसारखं सलग भुंकणं होत नाही. एखादा 'वुफ' मात्र तोही काढतो. गुरगुरणं आहे, विव्हळणं आहे, आनंदात काढलेली लांब आलापी आहे, आणि एकटेपणात ही किंकाळी. ती ऐकणाऱ्याच्या काळजाचं पाणी होतं हे खरं.

आधी घरात कॅमेरा किंवा जुना फोन लावून पाहा. तुम्ही गेल्यावर लगेच, पहिल्या पाच-दहा मिनिटांत सुरू होत असेल, लाळ गळत असेल, दार ओरबाडत असेल, तर तो एकटेपणाचा भयगंड. तासा-दोन तासांनी उठून इकडेतिकडे पाहत ओरडत असेल, तर बहुधा कंटाळा. कंटाळ्यावर वर सांगितलेली सकाळची फेरी आणि आत खाऊ भरून गोठवलेलं रबरी खेळणं पुरतं. फेरीनंतर वीसेक मिनिटं शांत जाऊ द्या, मग निघा. थेट पळण्याच्या भरातून एकटं ठेवू नका.

भयगंडाला वेळ द्यावा लागतो. बूट घाला, किल्ल्या उचला आणि परत बसा. दिवसातून दहा वेळा. त्याने मान वर करणं सोडलं की दाराबाहेर पाच सेकंद, मग पंधरा, मग मिनिट. तो अस्वस्थ होण्याच्या आतच परत यायचं, हे यातलं मर्म. एकदा जरी किंचाळेपर्यंत ताणलंत तरी दोन पावलं मागे जाता. या काळात त्याला खरोखर एकटं ठेवायची वेळ येऊ नये, म्हणून कोणाची तरी सोबत ठरवून घ्या. भेदरलेल्या बसेंजीला पिंजऱ्यात कोंडू नका. सळया चावून दात तुटतात आणि नखं उखडतात. महिनाभरात काही फरक नसेल तर पशुवैद्याशी औषधांबद्दल बोला. औषधाने सराव सोपा होतो, त्यात कमीपणा काही नाही.

प्रश्न : पाऊस पडला की दारातच रुतून बसतो. थंडीतही तेच.

ओल्या जमिनीचा तिटकारा या जातीत सर्रास आढळतो. ओढत नेऊ नका. दारापासून जवळ एखादी छप्पर असलेली जागा शी-शूसाठी ठरवून द्या आणि कोरड्या दिवसांतच तिची सवय लावा. पोट झाकणारा रेनकोट आधी घरात पाच-पाच मिनिटं घालून पाहा. त्या दिवशी पळणं राहिलं तर राहू द्या, घरात खाऊ शोधण्याचे दोन खेळ घ्या.

थंडीत अंगावर फारसा आडोसा नसतो, केस आखूड असतात. पाय आळीपाळीने उचलू लागला, पाठ कमानदार केली, थरथरला की अंगात काही घाला किंवा परत फिरा. उन्हाळ्याचं उलट : हाताची मागची बाजू जमिनीवर सात सेकंद ठेवा. ठेववत नसेल तर त्याचे तळवेही भाजणार. धाप थांबत नाही, जीभ गडद लाल, चाल लटपटती असं दिसलं की तो उष्माघात समजा. आधी जागीच अंगभर गार पाणी ओता आणि वारा घाला, मग दवाखान्यात न्या. ओला टॉवेल अंगावर तसाच गुंडाळून ठेवू नका, त्याखाली उष्णता कोंडते.

प्रश्न : अंघोळ किती दिवसांनी? आणि नखं कशी कापावीत? एकदा रक्त आलं, तेव्हापासून कात्री दिसली की पळतो.

अंघोळ दीड-दोन महिन्यांनी, किंवा घाणीत लोळला तर. बसेंजी मांजरासारखा स्वतःला चाटून स्वच्छ ठेवतो आणि त्याला कुत्र्याचा वासही फारसा येत नाही. आठवड्यातून एकदा रबरी हातमोजाने अंग पुसलं की झालं. एकाच जागी सतत चाटत असेल तर ती स्वच्छता नव्हे. तिथे खाज, गोचीड किंवा दुखणं शोधा.

नखांना मात्र वेळ द्या. रक्त आलं कारण आतली शिर कापली गेली. नखं वाढू दिली की ती शिरही पुढे सरकते, म्हणून दोन महिन्यांनी एकदा खूप कापण्यापेक्षा दर आठ-दहा दिवसांनी मिलिमीटर-दोन मिलिमीटर काढणं बरं. नियमित काढत गेलं की शिर मागे जाते. काळ्या नखात शिर बाहेरून दिसत नाही, तेव्हा पातळ चकत्या काढत कापलेल्या तोंडाकडे पाहत राहा. मधोमध करडा किंवा गडद ओलसर ठिपका दिसला की थांबा. अंगठ्याचं नख विसरू नका. ते जमिनीला घासत नाही, आकड्यासारखं वळत जातं आणि पळताना फाटतं.

कात्रीची भीती बसली असेल तर घासणारं विजेचं यंत्र, ग्राइंडर, वापरून पाहा. पहिले तीन-चार दिवस ते बंद ठेवून नुसतं हुंगू द्या, खाऊ द्या. मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला सुरू करा. मग बंद यंत्र नखाला टेकवा. मग एका दिवशी एकच नख, दोन सेकंद. एका जागी जास्त वेळ धरलं तर नख तापतं आणि चटका बसतो. पुन्हा रक्त आलंच तर रक्त थांबवणारी पावडर, ती नसेल तर कॉर्नफ्लोअर, नखाच्या टोकावर दोन-तीन मिनिटं दाबून धरा.

प्रश्न : डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात खायला देतो, तरी बरगड्या बोटांना लागत नाहीत.

डब्यावरचं प्रमाण सरसकट असतं. स्वतः हिशेब करा. प्रौढ नर साधारण ११ किलो, ४३ सेंटिमीटर उंच, मादी १० किलोच्या आसपास, ४० सेंटिमीटर. वजनाचा आकडा तीनदा गुणा आणि उत्तराचं वर्गमूळ दोनदा काढा. १० किलोसाठी १० × १० × १० = १०००, पहिलं वर्गमूळ ३१.६, दुसरं ५.६. याला ७० ने गुणलं की साधारण ३९४ कॅलरी, म्हणजे नुसतं पडून राहायला लागणारी ऊर्जा. नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्यासाठी तिची १.६ पट, म्हणजे ६३०. त्यातला दहा टक्के खाऊ वजा केला तर ५६७ उरतात. १०० ग्रॅमला ३७० कॅलरी असलेलं कोरडं खाद्य असेल तर ते झालं दिवसाला १५३ ग्रॅम. कपाने नव्हे, वजनकाट्यावर मोजा. कुत्रा आधीच जाड असेल तर हिशेबात आजचं नव्हे, असायला हवं ते वजन धरा.

हा सुरुवातीचा आकडा. दोन आठवड्यांनी बरगड्या चाचपा. तळहात पालथा धरून बोटांच्या सांध्यांवरून दुसरं बोट फिरवल्यावर लागतं तसं लागलं पाहिजे. त्याहून मऊ असेल तर दहा टक्के कमी करा. आणि कचऱ्याच्या डब्याला कडी लावा, बसेंजीचा अर्धा आहार तिथूनच येतो. कांदा, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेलं च्युइंगगम या गोष्टी त्याच्यासाठी विष आहेत.

प्रश्न : पाच वर्षांचा नर अलीकडे पाण्याचं भांडं सारखं रिकामं करतो, रात्री शूला उठवतो. लघवीत साखर निघाली आणि मधुमेह असल्याचं सांगण्यात आलं. इन्सुलिन सुरू करावं का?

थांबा, आधी रक्तातली साखर तपासली का ते विचारा. बसेंजीच्या बाबतीत हा प्रश्न जिवाचा आहे.

या जातीत फॅन्कोनी सिंड्रोम नावाचा आनुवंशिक विकार आढळतो. मूत्रपिंडातल्या नलिका गाळलेल्या लघवीतून साखर, अमिनो आम्लं, बायकार्बोनेट, पोटॅशियम, फॉस्फेट परत शोषून घेतात. फॅन्कोनीत हे शोषणंच बिघडतं आणि सगळं लघवीवाटे वाहून जातं. बहुधा चार ते सात वर्षांच्या वयात सुरुवात होते. मधुमेहात रक्तातली साखर वाढून ती लघवीत सांडते. फॅन्कोनीत रक्तातली साखर नेहमीसारखीच असते, फक्त लघवीत असते. अशा कुत्र्याला इन्सुलिन दिलं तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. म्हणून दोन्ही तपासण्या एकाच भेटीत करून घ्या, सोबत रक्तातील वायू आणि क्षारांची तपासणी मागा. आम्लता किती वाढली आहे, पोटॅशियम किती उतरलंय, ते तिच्यात कळतं. उपचार त्यावरच ठरतात : बायकार्बोनेटच्या गोळ्या, गरजेप्रमाणे पोटॅशियम आणि इतर पूरकं, ठरावीक महिन्यांनी पुन्हा तपासणी. मात्रा पशुवैद्याने रक्ताच्या आकड्यांवरून ठरवायची, अंदाजाने नाही. वेळेत सापडलं तर असे कुत्रे पुढे वर्षानुवर्षं चांगले जगतात. रात्री शू होते म्हणून पाणी काढून ठेवणं मात्र घातक. पाणी बाहेर जातच राहतं, आत आलं नाही तर कुत्रा काही तासांत कोरडा पडतो.

पिणं वाढलंय की नाही, हे मोजून पाहा. सकाळी मोजून पाणी भरा, चोवीस तासांनी उरलेलं मोजा. किलोमागे १०० मिलिलिटरच्या वर, म्हणजे १० किलोच्या कुत्र्याने दिवसाला लिटरपेक्षा जास्त प्यायलं, तर तपासणी हवीच.

ज्यांच्याकडे ठणठणीत बसेंजी आहे त्यांनीही तीन वर्षांपासून पुढे महिन्यातून एकदा लघवीची साखर पट्टीवर पाहावी. सकाळची पहिली शू लांब दांड्याच्या पळीत धरा, पट्टी बुडवून झटका आणि डबीवर लिहिलेल्या सेकंदांनी, घड्याळ लावून, रंग जुळवा. उशिरा पाहिलेला रंग खोटा. पळी ब्लीचने धुतलेली असेल तर नसलेली साखर दिसते. कुत्र्याला क जीवनसत्त्व भरपूर देत असाल तर असलेली साखर दिसत नाही. पट्ट्यांची डबी लगेच घट्ट बंद करा, दमट हवेने त्या निकामी होतात. एकदा रंग आला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहा, पुन्हा आला तर दवाखाना.

या विकाराची थेट जनुकीय चाचणी २०११ पासून आहे. तोंडातल्या लाळेचा बोळा पुरतो. आई-बाप दोघांकडून दोषी जनुक आलं तरच विकार होतो, एकच आलं तर कुत्रा केवळ वाहक. पिल्लू घेण्याआधी दोन्ही पालकांचे अहवाल मागा. ते दाखवायला कुरकुर करणाऱ्याकडून पिल्लू घेऊ नका.

प्रश्न : मादी वर्षातून एकदाच माजावर येते. काही दोष आहे का?

दोष नाही, ही जातीची खूण आहे. इतर बहुतेक कुत्र्या वर्षातून दोनदा येतात. बसेंजी एकदाच, आणि बहुधा दिवस लहान होत जातात त्या ऋतूत. साधारण तीन आठवडे चालतं. त्या काळात अंगणातही नजर ठेवा. तिची बाहेर जाण्याची आणि नरांची आत येण्याची, दोन्ही जिद्दी अफाट असतात. फेऱ्या चालू ठेवा, फक्त दुहेरी दोरीवर. माजानंतर सहा ते नऊ आठवड्यांनी ती खेळणी जमवून त्यांवर बसू लागली, आचळं सुजली, तर ते खोटं गाभणपण असू शकतं. मात्र त्याच सुमारास सुस्ती, ताप, खूप तहान किंवा योनीतून स्राव दिसला तर गर्भाशयात पू झाला असू शकतो, त्याच दिवशी दाखवा. नसबंदी करायची असेल तर माज संपल्यावर तीनेक महिन्यांनी करणं सोयीचं.

प्रश्न : नऊ वर्षांची आमची बसेंजी दिवसा नीट पळते, पण संध्याकाळच्या फेरीत पायरीला अडखळते. वय झालं म्हणायचं का?

वय म्हणून सोडू नका, डोळे दाखवा. दृष्टिपटल हळूहळू निकामी होणारा एक आनुवंशिक विकार या जातीत आहे आणि त्यात आधी अंधारातली नजर जाते. बाहुल्या मोठ्या दिसणं, फोटोत डोळे जास्त चमकणं या त्याच्या खुणा. त्याच्या एका प्रकाराची जनुकीय चाचणी होते, पण तिचा अहवाल स्वच्छ आला म्हणून डोळ्यांची तपासणी टाळू नका, दुसरं कारण असू शकतं.

तोवर संध्याकाळची फेरी उजेडात आणा आणि रस्ता रोज तोच ठेवा, हुंगून तिने तो पाठ केलेला असतो. लांब दोरी आता तीन मीटरवर आणा. काठीचं सावज बंद करून गवतातला खाऊ वाढवा, नाक शाबूत आहे. घरात रात्री जिन्यापाशी एक दिवा, पहिल्या पायरीला खडबडीत पट्टी, आणि फर्निचर हलवायचं असेल तर आधी तिला हुंगू द्या.